किती बदललं ते सोडा, कसलं ओतलं ते सांगा

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्याला सगळे एकच सल्ला देतात: आठवड्याला १० टक्के पाणी बदल. किती बदलायचं हे सगळे सांगतात, कसलं ओतायचं हे कुणी धड सांगत नाही. माझ्या मते दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे.

साधं गणित बघा. समुद्राच्या १ किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. समजा टँकमध्ये ३५ आहेत आणि बादलीत ३०. १० टक्के बदललंत तर टँक येतो ३४.५ वर. माशाला कळणारही नाही. पण महिनाभर टाळाटाळ करून एका रविवारी निम्मं पाणी बदललंत तर थेट ३२.५! समुद्रातला मासा सतत पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो, त्यामुळे तो हा धक्का कसाबसा पचवेल. तारामाशाकडे ही सोयच नाही. बाहेर जसं पाणी, तसंच आत. म्हणजे आळशी माणसाने तर जास्तच मोजायला हवं.

आणि जुळवायचं ते टँकशी, पुस्तकातल्या आकड्याशी नव्हे. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून आधी साध्या आरओ पाण्याने पातळी भरायची, मग मोजायचं. तरीही टँक ३८ वर असेल तर काही दिवसांत, हळूहळू खाली आणायचा.

सगळ्यात फसवा प्रकार दुर्लक्षित टँकचा. तिथे अमोनिया साचलेला असतो, पण पीएच घसरल्यामुळे त्याचं विष दबून असतं. आपण मोठ्या प्रेमाने ताजं पाणी ओततो. त्याने पीएच ७.८ वरून ८.२ वर गेला, तर अमोनियातला विषारी वाटा दुपटीहून जास्त होतो. म्हणजे निम्मं पाणी बदलूनही विष जवळपास होतं तेवढंच, किंवा थोडं जास्तच! मग मासे मेले की दुकानदाराला शिव्या.

न तपासता प्रॉडक्शनवर काही टाकायचं नाही, हे ऑफिसात आपल्याला बरोबर कळतं. इथे तर रोलबॅकही नाही. आदल्या रात्री आरओ पाण्यात मीठ घालून पंप आणि हीटर लावून ठेवा. सकाळी क्षारता, तापमान आणि पीएच दोन्हीकडे मोजा. १० मिनिटांचं काम. तेवढाही वेळ नसेल तर त्या रविवारी पाणी बदलूच नका. एका आठवड्याने काही बिघडत नाही.