पेरणीपूर्वीं एक गुंठा घरासाठीं

मृग नक्षत्र जवळ आलें म्हणजे आमच्या वऱ्हाडांतील शेतकऱ्यास दुसरें कांहीं सुचत नाहीं. बीं कोणतें घ्यावें, खताच्या गोण्या केव्हां आणाव्या, वखराची शेवटची पाळी कधीं द्यावी, ह्या विवंचनेंत तो गढून जातो. आणि तें योग्यच आहे. परंतु ह्या सर्व तयारींत घरच्या परसबागेचें नांव कोणाच्याही तोंडीं येत नाहीं. पाऊस पडून गेल्यावर घरधनीण चार वेलांचें बीं उकिरड्याच्या कडेला टोंचते, आणि तेवढ्यावर बाग झाली असें आपण समजतों. ही चाल सोडून द्यावी व परसबागेची जमीन कपाशीच्या जमिनीच्याही आधीं तयार करावी, असें मला आग्रहपूर्वक सांगावयाचें आहे.

प्रस्तुत लेखकाची उमेद महसुली कारकुनींत गेली. पिंपळगांव राजा व आसपासच्या गांवांतील कपाशी, तूर, ज्वारी, सोयाबीन ह्यांचे आंकडे वर्षानुवर्षें डोळ्यांखालून गेले. परसांतील वांग्यांचा आंकडा मात्र कधीं पाहिल्याचें स्मरत नाहीं. ज्याची नोंद नाहीं त्याची किंमत नाहीं, अशी माझीही समजूत होती. सेवानिवृत्तीनंतर घरखर्चाची वही स्वतः लिहूं लागलों, तेव्हां डोळे उघडले.

हिशेब असा आहे. ज्येष्ठांत हातचा पैसा बियाण्याखतांत जातो. कपाशीचा पैसा दिवाळीच्या सुमारास, कित्येकदां त्याही नंतर, येतो. मधल्या आषाढ, श्रावण व भाद्रपद ह्या महिन्यांत घरांत रोकड नसते, आणि त्याच दिवसांत आठवडी बाजारांत भाजी बहुधा महाग असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणें माणशीं रोज भाजी व फळें मिळून निदान ४०० ग्रॅम पोटांत गेलीं पाहिजेत. पांच माणसांच्या घरास हे दिवसाला २ किलो, म्हणजे महिन्याला ६० किलो झाले. कोणता कोरडवाहू शेतकरी श्रावणांत एवढा बाजार करूं शकेल? मग भाजी कमी पडते. आणि ती प्रथम कोणाच्या ताटांत कमी पडते, हें प्रत्येकानें आपल्या घरांत पाहावें. निंदणाहून परतलेल्या बाईच्या वांट्याला बहुधा भाकरी आणि चटणीच उरते. दहा एकरांच्या धन्यास ही गोष्ट शोभणारी नाहीं.

श्रावणांत भाजी हातीं यावयाची तर आतांच उठलें पाहिजे. भेंडी, गवार व चवळी ह्यांस पेरणीपासून पहिल्या तोड्यापर्यंत साधारण ४५ ते ५० दिवस लागतात. म्हणून त्यांचें बीं जूनच्या मध्यास पडावें. वांगीं व मिरची ह्यांचें रोप ४ ते ६ आठवड्यांचें लागतें. तें मे महिन्याच्या अखेरीस, रोहिणी नक्षत्रांत, टाकावें. ह्याचा अर्थ जमिनीचें काम वैशाखांतच उरकलें पाहिजे.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. एकराचा चाळिसावा भाग. ती खोल खणून ढेंकळें उन्हांत तापूं द्यावीं; हराळीच्या काशा व लव्हाळ्याच्या गांठी हातानें वेंचून काढाव्या. नंतर सुमारें अडीच क्विंटल चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. कच्चें शेण घालूं नये, त्यानें हुमणी व उधई माजते. आपल्या काळ्या जमिनींत पाणी लवकर निचरत नाहीं. पहिल्या वर्षीं मीं सपाट वाफ्यांत वांगीं लावलीं, आणि तीन दिवसांच्या झडींत सगळीं रोपें मुळांशीं कुजलीं. तेव्हांपासून वीतभर उंच व चार फूट रुंद गादीवाफे करतों. दोन्ही बाजूंनीं हात पोंचतो व पाय वाफ्यावर पडत नाहीं. दोडका, कारलें व दुधी ह्यांचे मांडव कडेला घालावे. कुंपण बोरीबाभळीच्या काट्यांचें असावें. जुन्या पऱ्हाटीचें नको, कारण तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते.

पाणी नाहीं, अशी सबब सांगतात. पावसाळी भाजीस पाऊस पुरतो; खंड पडला तर न्हाणीचें पाणी पाट काढून वळवावें. दुसरी सबब वेळेची. ह्या कामास दोन माणसांचे फार तर चार दिवस लागतात, आणि वैशाखांत तेवढी सवड असते. तिसरी सबब कोणी उघड बोलत नाहीं: परसबाग हें बायकांचें काम. खणणें, खत वाहणें व कुंपण घालणें हीं कामें पुरुषानें केलीं, तरच तोडणीचें काम बायकांस सुखाचें होईल.

बियाण्याविषयीं एवढेंच सांगतों कीं, संकरित वाणाचें बीं धरून उपयोग नाहीं. पुढील पिढी एकसारखी उतरत नाहीं. भेंडीचा परभणी क्रांती हा सरळ वाण आहे, त्याचें बीं घरीं धरतां येतें. आणि कपाशीवर विष मारलेला फवारणीपंप ह्या गुंठ्यांत आणूं नये. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें अनेक शेतकरी व मजूर दगावले, हें आपण विसरतां कामा नये. निदान मुलांच्या ताटांतील भाजी तरी आपल्या डोळ्यांदेखत वाढलेली असावी.

सगळी शेती बाजाराच्या भावावर आणि पावसाच्या लहरीवर सोंपविणें आपणांस प्राप्तच आहे. परंतु एकराचा चाळिसावा भाग तरी त्यांतून सोडवून घेणें आपल्या हातीं आहे. शेणखताची पहिली गाडी शेताकडे नेण्यापूर्वीं तीमधील अडीच क्विंटल खत परसांत उतरावें, एवढीच वाचक बंधूंस माझी सविनय विनंती आहे.