फोटो कोणाचा, कोणाला विचारून?

शहरातल्या तरुणांचे, त्यांच्या कपड्यांचे, केसांचे, गाण्याबजावण्याचे आणि टोळक्यांचे फोटो काढून प्रदर्शने भरवणे ही जगभरच्या कलादालनांत आता मोठ्या प्रतिष्ठेची गोष्ट झाली आहे. त्यांची जाडजूड, महागडी पुस्तके निघतात. समीक्षक उजेड-सावलीवर लिहितात, चौकटीवर लिहितात. आम्हाला मात्र अशा प्रत्येक फोटोसमोर एकच प्रश्न पडतो. काढणाऱ्याने त्या पोराला विचारले होते काय?

काहींना हा प्रश्न अडाणीपणाचा वाटेल. रस्त्यावरचे जीवन टिपायचे तर नकळत टिपावे, विचारले की माणूस सावध होतो आणि सत्य निसटते, असे छायाचित्रणाचे जाणकार सांगतात. पण नकळत टिपले जाणारे असतात तरी कोण? गटारात उतरलेला, फुटपाथवर झोपलेला, नाक्यावर उभा असलेला. मलबार हिलच्या दिवाणखान्यातले सत्य नकळत टिपायला कोणी भिंतीवर चढत नाही.

अमेरिकेतल्या काळ्या छायाचित्रकारांना हे फार लवकर कळले. गॉर्डन पार्क्स हे कॅन्सस राज्यातल्या गरीब काळ्या कुटुंबातले, पंधरा भावंडांत सर्वांत धाकटे. १९४२ साली वॉशिंग्टनच्या एका सरकारी इमारतीत साफसफाई करणाऱ्या एला वॉटसन या बाईंना त्यांनी अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभे केले, सोबत त्यांचा झाडू आणि फरशी पुसण्याचे फडके. आधी त्यांची कहाणी ऐकून घेतली, मग फोटो काढला. पुढे १९४८ मध्ये पार्क्स न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत शिरले. रेड जॅक्सन या सतरा वर्षांच्या टोळीप्रमुखाचा विश्वास कमावून त्यांनी त्याचे जगणे शेकडो निगेटिव्हवर उतरवले. 'लाइफ' साप्ताहिकाने त्यातले २१ फोटो छापले. २०१३ साली न्यू ऑर्लिन्सच्या कलासंग्रहालयाने त्या निगेटिव्ह आणि छापील पाने शेजारी शेजारी मांडली, तेव्हा कात्री कशी चालली ते दिसले. निवडीचा कल मारामारी आणि दहशतीकडे होता, पोराच्या घरगुती, निवांत क्षणांकडे नव्हता. काही फोटो तर कापून, गडद करून अधिक भेसूर केले होते. कॅमेरा काळ्या माणसाच्या हातात होता, पण पान गोऱ्या संपादकांच्या हातात होते. आपल्याकडच्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्या ज्यांनी आतून पाहिल्या आहेत त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

आम्हाला जास्त जवळचे वाटतात ते जमेल शबाझ. १९६० साली ब्रुकलीनमध्ये जन्मलेला हा माणूस सैन्यातली नोकरी करून १९८० मध्ये घरी परतला आणि आपल्याच भागातल्या पोरापोरींचे फोटो काढू लागला. त्यांची पद्धत साधी होती. आधी पोरांजवळ जायचे, बोलायचे, शाळेचे विचारायचे, पुढे काय करणार ते विचारायचे, आणि मग परवानगी घेऊन फोटो काढायचा. म्हणून त्यांच्या फोटोतली पोरे थेट आपल्याकडे पाहतात. इस्त्रीची पँट, पांढरेशुभ्र बूट, डोक्यावर कांगोल टोपी, हातात भला मोठा टेपरेकॉर्डर, एकमेकांच्या खांद्यावर हात. हिप-हॉप जगभर विकले जाण्याच्या आधीचे हे दिवस. हेच शबाझ १९८३ पासून सुमारे वीस वर्षे रायकर्स आयलंड तुरुंगात पहारेकरी होते. क्रॅक नावाच्या नशेने त्या पिढीची राखरांगोळी होत असताना, तशीच पोरे तुरुंगाच्या गणवेशात आणि नंबरात त्यांच्यासमोर येत होती. २००१ साली 'बॅक इन द डेज' हे त्यांचे पुस्तक निघाले, तोवर त्या फोटोतले कित्येकजण जगात उरले नव्हते. त्यांची ऐटीतली छबी तेवढी राहिली.

या ऐटीलाच 'पोज' म्हणून नाक मुरडले जाते. आम्हाला ती नाक मुरडण्याची गोष्ट वाटत नाही. ज्याने काय घालावे, कसे उभे राहावे हे पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याने ठरवले, त्याने स्वतःच्या मर्जीने उभे राहणे ही साधी बाब नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आयाबहिणींना लुगडे कसे नेसावे आणि जातीची खूण सांगणारे दागिने का टाकावेत हे बजावले, ते काय फॅशनसाठी? आणि तो हिशेब अजून संपलेला नाही. २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून आपल्या एका तरुणाचा जीव घेतला गेला. २०१७ मध्ये गुजरातेत गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावात मिशा ठेवल्या म्हणून मारहाण झाल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हा तिथल्या दलित पोरांनी काय केले? मिशीला पीळ देऊन स्वतःचे फोटो काढले. व्हॉट्सॲपवर आपल्या छबीच्या जागी मिशी, मुकुट आणि 'मिस्टर दलित' अशी अक्षरे लावली. त्यांना कोणा कलादालनाची गरज पडली नाही.

महाराष्ट्राची गोष्ट वेगळी नाही. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती शहरी वस्तीतल्या तरुणांचीच. कवितेतून, लेखांतून ती पिढी आम्हाला भेटते. पण तिचे चेहरे, तिचे कपडे, चाळीच्या गॅलरीतल्या तिच्या बैठका किती फोटोंत उरल्या आहेत? सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे आयुष्य वर्षानुवर्षे त्यांच्यात वावरून टिपले, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तमिळनाडूत एम. पळनी कुमार सफाई कामगारांच्या मुलांच्या हाती कॅमेरा देऊन त्यांना शिकवतात. ही माणसे मोजकीच. बाकी ठिकाणी काय दिसते? सहा डिसेंबरला दादरला लाखोंचा समुदाय येतो, पोरे रांगा लावून पुस्तके विकत घेतात, आणि दुसऱ्या दिवशी अनेक पानांवर छापली जाते ती गर्दी आणि गैरसोय. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर वस्त्यावस्त्यांतून पोरांची धरपकड झाली, तेव्हा चित्रफितींवरून चेहरे ओळखण्याचे काम मात्र चोख झाले. आमच्या पोराचा चेहरा नीट न्याहाळणारा कॅमेरा पोलिसांचाच असावा, हे आम्हाला मान्य नाही.

आज प्रत्येक पोराच्या खिशात कॅमेरा आहे, हे खरे. जयंतीच्या रात्रीचे शेकडो फोटो निघतात. निळे फेटे, नवे बूट, ढोल-ताशा पथकातल्या पोरी, गाडीवर रेललेले मित्र. पण फोन बिघडला की सगळे गेले. कलादालनाच्या दारात निमंत्रणाची वाट पाहत बसण्यापेक्षा आपल्या विहारांनी आणि वाचनालयांनी हे काम का हाती घेऊ नये? वस्तीतल्या एखाद्या पोरीने दरवर्षी निवडक पन्नास फोटो कागदावर छापून घ्यावेत, एका वहीत नाव, ठिकाण, तारीख लिहावी आणि ज्याचा फोटो आहे त्याची संमती घ्यावी. ज्यांच्या घरी ट्रंकेत पँथरच्या काळातले, नामांतराच्या मोर्चातले फोटो आहेत, त्यांनी आजच ते बाहेर काढावेत. मागे शाईने लिहू नये, ती पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहावीत, आणि कोण कोणाच्या शेजारी उभा आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्यावे, ती आहेत तोवर.