आजी-आजोबांची प्रेमकथा लिहायलाच हवी

बेळगाव भागात गावोगावी साहित्य संमेलनं भरतात. तिथे एखाद्या नव्या लेखकाने 'आजी-आजोबांवर प्रेमकथा लिहितोय' म्हटलं की मांडवाबाहेर चहा पिता पिता त्याला तीन गोष्टी सुनावल्या जातात. साठीनंतर कसलं प्रेम, ते वय हरिनामाचं. घरचं चव्हाट्यावर आणू नये. आणि सीमाभागातल्या माणसाने आधी सीमालढ्याचं लिहावं. हे तिन्ही आक्षेप मला मान्य नाहीत.

पहिला आक्षेप बेळगावात तरी कुणी घेऊ नये. कवयित्री इंदिरा संत इथल्याच. पती ना. मा. संत 1946 साली गेले, पण त्यांच्याविषयीची ओढ इंदिराबाईंच्या कवितेत पुढे अनेक वर्षं धगधगत राहिली. मराठी वाचकाने ती डोक्यावर घेतली. 'गर्भरेशीम' या कवितासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. गेलेल्या माणसाची ओढ आपल्याला पवित्र वाटते. मग तोच माणूस हयात असला, समोर बसून चहा पीत असला, की ती थिल्लर कशी ठरते? राहिला प्रश्न हरिनामाचा. ते घेत घेत पंढरीची वाट जोडीने चालणारी कितीतरी म्हातारी माणसं दर आषाढीला दिसतात.

बेळगावातल्या आमच्या अनगोळच्या घरातली गोष्ट सांगते. या शिवारातला बासमती एकेकाळी नावाजलेला. तो निवडायचं काम आजीचं. तिला मोतीबिंदू झाला, दिसेनासं झालं, तेव्हा आज्जांनी सूप आपणहून मांडीवर घेतलं. पुरुषमाणूस दारातल्या कट्ट्यावर तांदूळ निवडत बसलाय म्हणून गल्ली हसली. आजी शेजारी बसून मूठभर दाणे बोटांनी चाचपायची आणि म्हणायची, ''अहो, बारीक खडं राहिलं बघा की.'' आज्जा मान वर न करता म्हणायचे, ''तुझ्या पानात येऊ देत नाही बघ.'' पन्नास वर्षांच्या संसारात तिला कुणी फूल दिलं असेल असं वाटत नाही. पण या वाक्यापुढे कुठल्याही नायकाचा प्रेमसंवाद मला फिका वाटतो.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं. घरच्यांचं गुपित जसंच्या तसं छापणं हा विश्वासघातच. पण कथा म्हणजे पंचनामा नव्हे. प्रकाश नारायण संत हे इंदिराबाईंचे चिरंजीव. त्यांच्या 'वनवास' या कथासंग्रहातला लंपन आजी-आजोबांकडे राहतो, या भागातली मराठी बोलतो. लेखकाच्या बालपणाचा ओलावा त्या कथांत जाणवतो, पण वाचक कुणाच्या घरात डोकावत नाही, लंपनच्या घरात शिरतो. परदेशातलं उदाहरण गाब्रिएल गार्सिया मार्केझचं. वडील तार ऑफिसात कामाला, आईच्या घरून लग्नाला कडाडून विरोध. आईवडिलांची ही प्रेमकहाणी घेऊन त्याने 1985 साली 'लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा' ही कादंबरी प्रसिद्ध केली. आईवडिलांचं लग्न तरुणपणीच झालं होतं. कादंबरीतली जोडी मात्र सत्तरी उलटल्यावर एकत्र येते. बी घरचं, पीक लेखकाचं. हा फरक कळला की बदनामीचं भय उरत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली आणि हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला; तो महाराष्ट्रात यावा म्हणून सीमालढा उभा राहिला. तेव्हा जी माणसं शाळकरी होती ती आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचं लग्न, संसार, दुरावा सगळं या लढ्याच्या सावलीत झालं. त्याच्या निषेधाच्या एक नोव्हेंबरच्या फेरीला गेलेल्या नवऱ्याची दिवे लागेपर्यंत वाट बघणारी बाई ही प्रेमकथेची नायिका नाही, असं कोण म्हणेल? लढ्याला घोषणांच्या पलीकडचं माणूसपण अशाच कथांतून मिळतं.

तेव्हा लिहावंच, मात्र जबाबदारीने. आधी त्यांना विचारावं, लिहिलेलं वाचून दाखवावं. 'हे नको' म्हणाले तर खळखळ न करता काढावं. नावं बदलावीत, प्रसंग बदलावेत, पण बोली बदलू नये. इथली आजी पुण्याच्या मराठीत लाजू लागली की कथा तिथेच मेली. गुडघेदुखी, कवळी, रात्री उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या यांना कथेत मानाची जागा द्यावी, आणि स्पर्शालाही. सुरकुतलेल्या हाताला हात धरावासा वाटतो हे लिहिताना अवघडू नये. जोडीदार गेल्यावर पुन्हा कुणात जीव गुंतला, तर त्या बाईला शिक्षा देऊन कथा संपवू नये.

मराठी कथा-नाटकांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला बहुतेक वेळा उपेक्षा, आजार आणि मुलांची वाट बघणंच आलं. ते दुःख खरं आहे. पण या वयातही माणसं एकमेकांसाठी नटतात, रुसतात, झुरतात हेही तितकंच खरं आहे. ते जिथे रोज घडतं, त्या घरातल्या नातवंडांनीच ते लिहायला हवं, आणि तेही आजी-आजोबा ऐकायला आहेत तोवर.