इन्शुरन्स आहे ना!

गाडीला लोक काय काय लावतात हे बघायचं असेल तर संध्याकाळी लोअर परळ स्टेशनबाहेर अर्धा तास उभं राहावं. पुढे चकचकीत स्टीलचा बंपर गार्ड, त्यावर डोळे दिपवणारे पांढरे दिवे, मागे कानठळ्या बसवणारा सायलेन्सर, आणि नंबर प्लेटवर ४१४१ अशा वळणाने काढलेला की ‘दादा’ वाचलं जावं. शिवाय बंपरला लिंबू-मिरची. यातलं लिंबू-मिरची सोडलं तर बाकी बऱ्याच गोष्टींचा विम्याशी संबंध येऊ शकतो, आणि मालकाला तो बहुधा क्लेम करायच्या दिवशीच कळतो.

विषय निघाला तो भाच्यामुळे. त्याने सेकंडहँड एसयूव्ही घेतलीय आणि तिला पुढे गार्ड लावायचा बेत आहे. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन भावही काढून आला. मी नको म्हटलं तर म्हणतो, "मामा, टेन्शन कशाला? इन्शुरन्स आहे ना!" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की म्हटलं एकदा त्याबद्दल लिहूनच टाकावं. भाचा हे वाचतोच, त्यामुळे त्याला वेगळा फोन करायला नको :)

आधी विमा कंपनीच्या जागी बसून बघू. वर्षाला लाखो गाड्यांचा विमा काढणारी कंपनी प्रत्येक गाडी तपासत नाही. तिला माहीत असतं ते आरसी बुकावरचं: मॉडेल, साल, इंधन, इंजिन. पॉलिसीवर जी ‘आयडीव्ही’ असते, म्हणजे गाडी पार गेली तर कंपनी जी रक्कम धरते, ती शोरूमच्या किमतीतून घसारा वजा करून काढतात. तुम्ही बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील्स, दिवे त्यात धरलेले नसतात. ते वेगळे सांगायचे, त्यांची किंमत लिहायची, त्याचा प्रीमियम भरायचा. न सांगितलेल्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत, इतकं साधं आहे ते.

पण हा झाला छोटा तोटा. स्टिरिओचे वीस हजार गेले तर गेले. मोठा तोटा होतो तो बदलामुळे गाडीची जोखीमच बदलते तेव्हा. दिव्यांसाठी कंपनीची वायरिंग कापून जोड दिला आणि पुढे बॉनेटखाली आग लागली, तर सर्व्हेअर सगळ्यात आधी तो जोड शोधतो. विमा कागदावर कमी आणि विश्वासावर जास्त चालतो. तुम्ही जे सांगाल ते खरं मानून कंपनी प्रीमियम ठरवते. तुम्ही सांगितलेलं आणि रस्त्यावर धावणारं यात फरक निघाला की तिला नाही म्हणायला जागा मिळते.

याचा अर्थ गाडीत बदल करणंच वाईट असं मुळीच नाही. आपल्या मुंबईत झालेला सगळ्यात मोठा बदल आठवा. २००१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने जुन्या टॅक्सी स्वच्छ इंधनावर आणायचा आदेश दिला आणि बघता बघता पद्मिनीच्या डिकीत सीएनजीचा सिलिंडर आला. लालबाग-परळच्या किती जणांनी त्या सिलिंडरला टेकवून कोकणच्या बॅगा भरल्या असतील! ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण सीएनजी राहिला. किट बसवलं की आरसीवर नोंद करायची, सिलिंडरची तीन वर्षांनी चाचणी करायची, विमा कंपनीला कळवायचं, हे सगळं त्याच्याबरोबर आलं. २००२ सालच्या मोटर टॅरिफमध्ये किटच्या किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम अशी तरतूद होती. म्हणजे चाळीस हजारांच्या किटला वर्षाला सोळाशे रुपये. तेवढे वाचवायला किट लपवणारे लोक मी पाहिलेत.

त्याच टॅरिफमध्ये उलट्या दिशेच्या गोष्टीही होत्या. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल केले, म्हणजे पायाचे ब्रेक-क्लच हातावर घेतले वगैरे, आणि त्याची आरसीवर नोंद असली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सवलत. पुण्याच्या एआरएआयची मान्यता असलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. २००७ पासून कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक मिळाली, तरी त्या टॅरिफची कलमं पॉलिसीच्या कागदावर अजून सापडतात. तेव्हा बदल हा गुन्हा नाही, फक्त तो सांगायचा असतो.

कायदाही साधारण हेच म्हणतो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. इंधनाच्या किटसारख्या परवानगीच्या गोष्टी आहेत, त्या केल्यावर चौदा दिवसांत आरटीओला कळवायच्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

आता विमा कंपन्यांचीही थोडी कानउघाडणी. आमच्या ओळखीतल्या एकांच्या गाडीला मागून ट्रकने ठोकलं. गाडीत नोंद न केलेलं गॅस किट होतं. अपघाताशी त्या किटचा काडीचा संबंध नाही, तरी कंपनीने क्लेम सरळ नाकारला. त्यांनी निमूट मान्य केलं, कारण चूक आपली असं त्यांना वाटत होतं. खरं तर एवढं निमूट व्हायची गरज नव्हती. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. खाजगी म्हणून विमा काढलेली गाडी भाड्याने चालवली आणि ती चोरीला गेली. अट मोडली होती हे खरं, पण चोरीशी तिचा संबंध नव्हता, म्हणून ७५ टक्के रक्कम द्यायचा आदेश कायम राहिला. अशा अर्धवट मंजुरीला विम्याच्या भाषेत ‘नॉन-स्टँडर्ड’ म्हणतात. तेव्हा क्लेम नाकारल्याचं पत्र आलं की लगेच फाईल बंद करू नका. विमा लोकपाल आहे, ग्राहक आयोग आहे. मोडलेल्या अटीमुळेच नुकसान झालं का, हा प्रश्न विचारायचा.

आणि कंपन्यांनीही रिन्यूअलच्या वेळी एक साधा प्रश्न मराठीत विचारला तर काय बिघडेल? ‘गेल्या वर्षात गाडीला काय नवीन बसवलंत?’ पण आता रिन्यूअल मोबाईलवर दोन मिनिटांत होतं. दोन मिनिटांत प्रीमियम घ्यायचा आणि क्लेमच्या वेळी गाडी भिंगाखाली धरायची, हेही बरोबर नाही.

असो. पैशांचं एवढं पुरे. भाच्याच्या गार्डला माझा विरोध पैशांसाठी नाहीच.

हल्लीच्या गाड्यांचा बंपर दाबला तर आत जातो, लोक त्याला हसतात. पण तो तसा मुद्दाम केलेला असतो. धडकेचा जोर त्याने स्वतः चेपून घ्यावा, आतल्या माणसापर्यंत आणि समोरच्या माणसापर्यंत कमी जावा, यासाठी. स्टीलचा गार्ड थेट चॅसीला बोल्टने आवळला की ती सगळी योजना रद्द. जोर सरळ चॅसीत जातो, एअरबॅगच्या सेन्सरचं गणित चुकू शकतं, आणि समोर माणूस असेल तर त्याच्या मांडीच्या हाडाशी गाठ स्टीलच्या पाईपाची असते. याच कारणासाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र लिहून असे गार्ड काढायला लावा असं सांगितलं. तरी ते दुकानात मिळतात आणि गाड्यांवर दिसतात.

आता हा गार्ड कुठे फिरणार? डिलाईल रोडवर आणि सेनापती बापट मार्गावर. ताशी ऐंशीने कुणावर आदळायची इथे सोयच नाही. इथे आहे ती माणसांची गर्दी. ऑफिसं सुटली की फुटपाथ कमी पडतो आणि हजारो लोक गाड्यांच्या मधून वाट काढत स्टेशन गाठतात. पूर्वी गिरणीचा भोंगा झाल्यावर याच रस्त्यांवर माणसांचा पूर यायचा, आता गिरण्यांच्या जागच्या काचेच्या इमारतींतून येतो. अशा रस्त्यावर गार्ड वाचवणार काय, तर पार्किंगमधला एखादा ओरखडा. आणि त्याच्यासमोर कोण, तर डबा घेऊन घरी निघालेली एखादी बाई.

‘थर्ड पार्टी आहे ना?’ आहे. ती सक्तीची आहे आणि चांगली सोय आहे. पॉलिसीची अट मोडलेली असली तरी न्यायालय पुष्कळदा कंपनीला आधी जखमी माणसाचे पैसे द्यायला लावतं, आणि मग ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे त्या बाईला पैसे मिळतील आणि तू ते फेडत बसशील. पण तिचा पाय? ओरखडा भरायला विमा आहेच की. मग ओरखडा वाचवायला दुसऱ्याचा पाय का पणाला लावायचा?

दुसरी वस्तू याहून स्वस्त आणि याहून वाईट. पट्टा न लावता त्याचा टिंग-टिंग आवाज बंद करायची क्लिप. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींचा अपघात झाला. महागडी, एअरबॅगवाली गाडी. पुढचे दोघं वाचले. मागचे दोघं गेले, आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. एअरबॅग ही पट्ट्याला जोड असते, पट्ट्याऐवजी नसते. त्यानंतर मुंबई पोलिसांनी त्या नोव्हेंबरपासून मागच्यांनाही पट्टा सक्तीचा केला. नियम आधीही होताच. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाईन दुकानांना या क्लिपा काढायला लावल्या, १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. त्यांच्या निवेदनात एक वाक्य आपल्या विषयाचं होतं: अशी क्लिप वापरली तर निष्काळजीपणाचं कारण देऊन विमा कंपनी क्लेम नाकारू शकते.

मला इथे एक गोष्ट खटकते. चोरीविरोधी उपकरणाला टॅरिफमध्ये अडीच टक्के सवलत होती, एअरबॅगला नव्हती. म्हणजे गाडी जाऊ नये म्हणून सवलत, आतला माणूस जाऊ नये म्हणून काही नाही. डिसेंबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’चे तारे गाड्यांना मिळायला लागले आहेत. जास्त तारे असलेल्या गाडीला प्रीमियममध्ये ठळक सवलत द्या, आणि गार्ड लावलेल्या गाडीचं रिन्यूअल तो काढल्याशिवाय करू नका. दंडाला न घाबरणारा माणूस प्रीमियमला घाबरतो, हे आपल्याकडचं सत्य आहे.

तोवर माझी स्वतःची एक कसोटी आहे. गाडीला काहीही लावण्यापूर्वी विमा कंपनीला त्याचं पत्र लिहायचं. ‘सीएनजी किट बसवलं आहे, नोंद करावी.’ लिहिता येतं. ‘वडिलांसाठी हातावरचे ब्रेक बसवले आहेत.’ अभिमानाने लिहिता येतं. ‘सीट बेल्टचा आवाज येऊ नये म्हणून क्लिप लावली आहे.’ लिहून बघा, हात थांबतो की नाही! जे पत्रात लिहायला हात थांबतो ते गाडीला लावू नये. यासाठी कलम ५२ पाठ करायची गरज नाही.

आणि भाच्या, तुझ्या मागच्या सीटला जे नवीन कव्हर घातलंयस ना, त्याच्याखाली पट्ट्यांची दोन्ही बकलं दडपली गेली आहेत. गणपतीला आजी त्याच सीटवर बसून गावी जाणार आहे. गार्डचं काय ते नंतर ठरव. ती बकलं मात्र या रविवारी वर काढ.