कीर्द आपली, खतावणी यंत्राची

इंदूरच्या आमच्या जुन्या घरात, माळ्यावर, लाल कापडात बांधलेल्या आजोबांच्या हिशेबाच्या चोपड्या आहेत. दिवेलागणीनंतर ते रोजचा जमाखर्च लिहीत आणि शिल्लक जुळल्याखेरीज पानावर बसत नसत, असे आजी सांगे. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत मी त्या उघडल्या. शाई अजून काळीभोर आहे, ओळीही सरळ आहेत. परंतु लिखाण सारे मोडीत, आणि घरात मोडी वाचणारे आता कोणीच नाही.

त्याच सुमारास माझ्या मावशीवर दुःखाचा प्रसंग ओढवला. काका अत्यंत टापटिपीचे. पै-पैचा हिशेब त्यांनी मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये ठेवलेला. ते गेल्यावर पाहतो तो, ते अ‍ॅप चालवणाऱ्यांनीच गुंडाळलेले, आणि आपला हिशेब काढून घेण्याची मुदतही उलटून गेलेली! मावशी म्हणाली, "अगं, ह्यांनी ठेवी कुठे कुठे ठेवल्यात, ते आता मला कोण सांगणार?" त्यानंतर कित्येक महिने आम्ही जुनी पत्रे, पावत्या आणि पासबुके घेऊन बँकांचे उंबरठे झिजवीत होतो.

मोडीतल्या चोपडीची आणि बंद पडलेल्या अ‍ॅपची गत अखेरीस एकच झाली. तेव्हापासून मला असे वाटू लागले आहे की, घरचा हिशेब लिहिणाऱ्याच्या सोयीचा असावा हे खरे, पण लिहिणारा नसताना तो वाचता आला पाहिजे, हे त्याहून महत्त्वाचे. या दृष्टीने मी सध्या जी रीत पाळते, ती वाचकांना सांगावीशी वाटते.

संगणकावर नोटपॅडसारख्या साधनाने लिहिलेली एक साधी मजकूर-फाइल, एवढीच माझी वही. ती उघडण्यास कोणत्याही विशिष्ट कंपनीचे अ‍ॅप लागत नाही. तीतली एक नोंद अशी:

२०२५-०४-०५ महिन्याचा किराणा
    खर्च:किराणा    १८४०
    मालमत्ता:बचत खाते

पहिल्या ओळीत तारीख व कारण, दुसरीत पैसा कुठे गेला, तिसरीत तो कुठून आला. तिसऱ्या ओळीपुढे आकडा घातला नाही तरी चालते. तेथे उणे १८४० हे यंत्र आपणहून समजते, कारण प्रत्येक नोंदीची बेरीज शून्य आली पाहिजे, हाच या रीतीचा एकमेव कायदा. हा कायदा काही संगणकाने शोधलेला नाही. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणितग्रंथात लुका पाचोली या ख्रिस्ती साधूने दुहेरी नोंदीची ही पद्धत सविस्तर मांडली होती, आणि ती व्हेनिसच्या व्यापाऱ्यांत त्याच्याही आधीपासून रूढ होती.

आपल्याकडे रोजच्या व्यवहारांची तारीखवार नोंद ती कीर्द, आणि तीवरून खातेवार उतरून काढलेली ती खतावणी. कीर्द लिहिणे सोपे. कंटाळा येतो तो खतावणीचा. नेमके तेच काम येथे यंत्र करते. जॉन वीगली यांनी २००३ साली 'लेजर' नावाचे एक साधन तयार केले. त्याच धर्तीवर सायमन मायकेल यांनी २००७ साली 'एचलेजर' सुरू केले. दोन्ही विनामूल्य आहेत. त्यांत चित्रे नाहीत, बटणे नाहीत. संगणकाच्या कमांडच्या खिडकीत साधनाचे नाव आणि 'बॅलन्स' हा शब्द इंग्रजीत टंकला की प्रत्येक खात्याची शिल्लक समोर येते. 'रजिस्टर' म्हटले की एकेका खात्याचा क्रमवार उतारा मिळतो. फाइल वाचून ते बेरजा सांगते. आपण लिहिलेल्या ओळींना हात लावीत नाही. उद्या ते साधन नाहीसे झाले तरी कीर्द आपल्याजवळ राहते. खात्यांची नावे मराठीत चालतात. आकडे तेवढे इंग्रजी अंकांत टंकावेत, आणि खात्याचे नाव व रक्कम यांत निदान दोन जागा मोकळ्या सोडाव्यात.

आजोबांची शिल्लक जुळवण्याची शिस्तही येथे पाळता येते. महिनाअखेरीस पासबुकातील शिल्लक बरोबरीचे चिन्ह घालून रकमेपुढे लिहावी. ती जुळली नाही तर यंत्र अडून बसते आणि कोणत्या नोंदीशी अडले ते दाखवते. तथापि ते सर्वज्ञ नाही. औषधाचा खर्च आपण किराण्यात घातला, तर त्याला ते कळणार नाही. ती जबाबदारी आपलीच.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र एक लहानशी सोय. अर्धविरामाचे चिन्ह देऊन पुढे लिहिलेला मजकूर यंत्र हिशेबात धरीत नाही. तो माणसासाठी असतो. माझ्या प्रत्येक ठेवीखाली अशी एक ओळ आहे: मुदत कधी संपते, पावती कपाटाच्या कोणत्या कप्प्यात आहे, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे. पासवर्ड व पिन मात्र त्या फाइलीत कधीही लिहू नयेत, कारण साध्या फाइलीला कुलूप नसते. तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावी आणि वर्षातून एकदा, ३१ मार्चनंतर, कागदावर छापून महत्त्वाच्या कागदपत्रांत लावावी.

एकदम साऱ्या वर्षाचा हिशेब मांडू जाल तर हात टेकाल. पहिल्या दिवशी आज कोणत्या खात्यात किती आहे, एवढेच लिहावे. दुसऱ्या दिवसापासून रोजच्या दोन-चार नोंदी. महिन्याभराने एक परीक्षा घ्यावी. घरातल्या दुसऱ्या माणसापुढे ती फाइल उघडून ठेवावी, "आपली अमुक ठेव कुठे आहे, ते यात शोधा," एवढेच सांगावे, आणि आपण खुशाल स्वयंपाकघरात निघून जावे. आमच्याकडे पहिल्या खेपेस यजमानांनी मला तीनदा हाक मारली. हाक आली त्या तिन्ही जागी मी नंतर एकेक ओळ वाढवली.