विणकराचा हिशेब कोण मांडणार?

जर्मन विद्वत्तेचा विषय निघाला की चळवळीच्या अभ्यासवर्गांत कांट, हेगेल, मार्क्स ही नावे आदराने उच्चारली जातात. त्या आदराबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच की, मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’चा पहिला खंड कोणाला अर्पण केला, हे कितीजणांना ठाऊक आहे? तो मान मिळाला विल्हेल्म वुल्फ या दिवंगत मित्राला. सायलेशियातील शेतकऱ्याचा हा मुलगा कोणत्याही तत्त्वप्रणालीचा जनक नव्हता. पाहिलेले आणि तपासलेले लिहून ठेवणारा तो पत्रकार होता.

जून १८४४ मध्ये सायलेशियातील हातमाग विणकरांनी उठाव केला. इंग्लंडच्या यंत्रावरील स्वस्त कापडाशी झुंजताना व्यापारी आपला तोटा विणकराच्या मजुरीतून भरून काढीत होते. लष्कराच्या गोळीबारात ११ माणसे मारली गेली. वुल्फने त्या दैन्याची व उठावाची तपशीलवार हकीकत लिहिली. हाइनेने त्याच वर्षी त्यावर कविता केली. ज्याचा आजा स्वतः विणकर होता, त्या हाउप्टमानने १८९१ साली विणकरांच्या गावांतून फिरून, वुल्फच्या लेखाचाही आधार घेऊन ‘विणकर’ हे नाटक रचले. पोलिसांनी त्याच्या जाहीर प्रयोगास मनाई केली. १८९३ मधील खाजगी प्रयोग पाहून केटे कोल्विट्झने सहा चित्रांची मालिका केली; १८९८ मध्ये तिच्यासाठी सुचविलेले पदक सम्राटाने नाकारले. सत्तेला भय वाटले ते या सत्यकथनाचे.

आता गांधीबागेकडे पाहावे. तेथील ठोक कापडबाजारात लुगड्याचा भाव तोंडपाठ असतो. विणणाऱ्याच्या हाती त्यातले काय पडले, याची नोंद क्वचितच आढळते. एम्प्रेस मिलने १८७७ पासून नागपूरच्या कोष्ट्याला सूतही दिले आणि स्पर्धाही दिली. पुढे यंत्रमाग आले. २००२ मध्ये ती गिरणीही बंद पडली. परंतु सूत उधारीवर घ्यायचे, कापड त्याच व्यापाऱ्याला द्यायचे आणि खोट काढून कापलेली मजुरी मुकाट्याने स्वीकारायची, हा व्यवहार जेथे असतो तेथे विणकर नावापुरताच स्वतंत्र कारागीर उरतो. हाउप्टमानच्या नाटकाचा पहिला अंक नेमका याच व्यवहारावर उभा आहे.

हातमागाचा काळ संपला, आता नोंदी कशाला, असे कोणी म्हणेल. पण माग बदलला म्हणून नगावर ठरणारी मजुरी बदलत नाही. यंत्रमागावर उभा राहणारा मजूरही त्याच हिशेबात अडकतो. तेव्हा मोठ्या ग्रंथांची पारायणे करणाऱ्या कार्यकर्त्यांनी वुल्फचे साधे कामही हाती घ्यावे. पाचपावली, तांडापेठेतील घराघरांतून सुताचा दर, दिवसाचे तास, कापलेली मजुरी आणि डोक्यावरचे कर्ज लिहून आणावे. कवी आणि चित्रकार मागणी केल्याने जन्मत नाहीत. त्यांना लागणारी सत्याची सामग्री मात्र गोळा करता येते, आणि मजुरीच्या लढ्यालाही पहिला आधार तिचाच असतो.