गार पाण्याचा खर्च निघतो, कापसाचा का नाही?



शहराला गारवा हवा असला की सरकारला हिशेब बरोबर जमतो. सिंगापूरच्या मरिना बे भागात केंद्रांत पाणी गार करून भूमिगत नळांनी टोलेजंग इमारतींच्या वातानुकूलनासाठी पुरवतात. पुरवठा २००६ साली सुरू झाला. कायदा २००१ सालीच झाला होता. कंपनीला परवाना, नेमून दिलेल्या इमारतींवर जोडणीची सक्ती. दरावर नियामकाची नजर: इमारतीच्या स्वतःच्या यंत्राहून महाग नको, पण कंपनीच्या गुंतवणुकीवर परतावा सुटला पाहिजे.

महाराष्ट्रात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी आली. सक्ती इथेही होती, पण विकणाऱ्यावर! ती योजना गेली. आता कापसाचा, ज्वारीचा हमीभाव दरवर्षी जाहीर होतो. त्या भावाने प्रत्येक क्विंटल घेतला जाईल, अशी कायद्याची हमी आजही नाही.

गार पाण्यात घातलेल्या पैशाला परतावा हा न्याय. मग कोरडवाहू रानात घातलेल्या बियाण्याला, खताला, घामाला तोच मागितला की बाजार बिघडतो कसा? आम्हाला गिऱ्हाइकावर सक्ती नको. खर्च भरून निघेल असा भाव हवा. दारात येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला हे विचारा.